‘मला काही नको’

आम्ही ३६ वर्षं ‘टायनी हाउस’मध्ये राहत होतो आणि हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नमुना-नियमांमध्ये २०१८ साली टायनी हाउसची व्याख्या आली. पोटमाळा सोडून ४०० चौरस फूट किंवा त्याहून लहान घर म्हणजे टायनी हाउस. आमचं नाहूरचं वन बीएचके कार्पेट ३८५ चौरस फूट. आजी होती तोवर त्यात पाच माणसं. आम्ही त्याला फक्त ‘घर’ म्हणायचो.

मग आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. नाहूर म्हणजे भांडुप आणि मुलुंडच्या मधलं स्टेशन. तेही २००६ मध्ये सुरू झालं. त्याआधी पत्ता सांगताना आम्ही ‘भांडुपच्या पुढे, मुलुंडच्या अलीकडे’ असं म्हणायचो. एलबीएस मार्गावरच्या ज्या कारखान्यांच्या भोंग्यांवर आमचे बाबा लोक घड्याळं लावायचे, त्यांच्या जागी एकेक करून टॉवर आले. आता पाळी आमच्या चार मजली इमारतींची होती. बिल्डर भाडं देणार होता. पण आजूबाजूच्या सगळ्याच सोसायट्या एकदम रिकाम्या होत असल्या की त्या भाड्यात त्याच भागात वन बीएचके मिळत नाही. मिळालं ते वन आरके, २४० चौरस फूट. थोडे वरचे पैसे घालून मोठं घेता आलं असतं. आम्ही ते धाकट्याच्या फीसाठी ठेवले. म्हणजे काही नाइलाज होता आणि काही निवड. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तीन वर्षांसाठी १४५ चौरस फूट कमी करायचे होते. घरात या विषयातली जाणकार मी. टायनी हाउसचे व्हिडिओ मी रात्र-रात्र पाहिले होते. वस्तू हातात धरायची, आनंद झाला तर ठेवायची, नाहीतर तिचे आभार मानून निरोप द्यायचा, ही मारी कोंडोबाईंची पद्धत २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली तेव्हापासून मला पाठ होती. (२०२३ मध्ये खुद्द बाईंनीच सांगितलं की तिसरं मूल झाल्यापासून त्यांनी घरातल्या टापटिपीचा हट्ट बराच सोडलाय. आईला हे सांगितल्यावर ती खूप वेळ हसत होती.)

मी दोन नियम केले. वर्षभरात जिला हात लागला नाही ती वस्तू द्यायची. आणि प्रत्येकाला दोन खोकी, सगळ्यांना सारखी. नवी खोली मोजायला गेलो तेव्हा मी आईच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधली कापडी टेप नेली होती. तिच्याच टेपने मोजून मी ठरवलं की तिचं मशीन काही तिथे मावणार नाही.

*

कमी वस्तूंत राहणं चांगलं असतं का? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच समजलं जातं. जैनांमध्ये अपरिग्रह हे व्रत आहे. गांधीजींच्या आश्रमव्रतांतही ते आहे. पाश्चात्त्य जगात सगळे थोरोचं नाव घेतात. हा गृहस्थ ४ जुलै १८४५ ला वॉल्डन तळ्याकाठी एका खोपटात राहायला गेला आणि दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवस राहिला. खोपट १० बाय १५ फुटांचं, म्हणजे १५० चौरस फूट. जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची.

आता दुसरा आकडा बघा. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या. त्यातली खोली १६० चौरस फुटांची. थोरोच्या खोपटापेक्षा जेमतेम दहा फूट जास्त. थोरो एकटा होता. चाळीतल्या खोलीत गिरणीतला किंवा पोलिसातला बाप, आई, पोरं, आजी आणि गावाहून नोकरी शोधायला आलेला चुलत-काका असे सगळे मिळून राहायचे. त्यांच्या साधेपणावर कुणी तत्त्वज्ञान लिहिलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा ‘आम्हाला १६० फुटांतच राहायचंय, त्यात मनःशांती आहे’ असं म्हणून कुणी किल्ली परत केल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

हा फरक अमर्त्य सेन यांनी एका साध्या उदाहरणाने दाखवलाय. एक माणूस उपास करतोय आणि दुसऱ्याची उपासमार होतेय. दोघांच्याही पोटात अन्न नाही. पण पहिल्यासमोर ताट आहे आणि त्याने ते बाजूला सारलंय. दुसऱ्यासमोर ताटच नाही. पोट बघून फरक कळत नाही, पुढे पर्याय होता की नाही ते बघावं लागतं. आपल्या भाषेत तर हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत : उपास आणि उपासमार. टायनी हाउसचे व्हिडिओ उपासाचे असतात. (तेही बऱ्याचदा एकादशी आणि दुप्पट खाशी. पसारा आवरायला म्हणून आधी बांबूचे डबे विकत घ्यायचे.) चाळीतली खोली दुसऱ्या प्रकारची.

मला वाटत होतं, हा फरक कळला की प्रश्न सुटला. आमचं तर निम्मं-निम्मं होतं. निम्मा उपास आणि निम्मा नाइलाज. पण खोकी भरायला घेतल्यावर लक्षात आलं की घर म्हणजे एक पोट नाही. त्यात चार पोटं असतात.

*

बाबांची दोन खोकी हत्यारांनी भरली. कारखाना बंद झाला तेव्हा ते पान्यांची पेटी घेऊन घरी आले होते. तिला वर्षभरात हात लागला नव्हता, पण नियम सांगायची माझी छाती झाली नाही. धाकट्याची खोकी म्हणजे क्रिकेटचं किट आणि कीबोर्ड. माझी खोकी तर अर्धी रिकामी राहिली. मी ते अभिमानाने सगळ्यांना दाखवलं. माझी पुस्तकं, गाणी, फोटो, नोट्स सगळं फोनमध्ये होतं. कमी करणं मला सोपंच होतं, कारण माझा पसारा आधीच दुसरीकडे हलला होता. मुलुंडचा पूल ओलांडून ऐरोलीला गेलं की तिथून महापेपर्यंत खिडक्या नसलेल्या मोठ्या इमारती दिसतात. ती डेटा सेंटर्स. माझे फोटो त्यातल्याच एखादीत असतील असं नाही, पण अशाच कुठल्यातरी इमारतीत ते जागा अडवून बसलेत आणि त्यांच्यासाठी चोवीस तास एसी चालू आहे. माझ्याकडे वस्तू कमी नाहीत. माझ्या वस्तूंचं भाडं मला दिसत नाही, एवढंच.

आईची खोकी? कुकर, कढई, पोळपाट-लाटणं, डबे, देवांचं तबक आणि पाहुण्यांसाठी चार ताटं. आम्ही सगळे जेवणार ते सामान ‘आईच्या वाट्यात’ मोजलं गेलं. सगळ्यांना सारखी दोन खोकी, या माझ्या न्यायाचा हा हिशोब. तिच्या स्वतःसाठी त्यात बोटभर जागा नव्हती आणि हे कुणालाच खटकलं नाही, तिलाही नाही.

राहिलं मशीन. पायाने चालवायचं, बिडाच्या स्टँडवरचं. त्यावर ती वीस वर्षं ब्लाउज, फॉल-बीडिंग, पडदे शिवायची. माझ्या कॉलेजची पहिली फी त्यातून गेली होती. हल्ली मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आणि सगळंच रेडीमेड झाल्यावर ते बंद होतं. वर्षभर हात नाही. नियम म्हणजे नियम.

‘आई, मशीन देऊया का?’

‘दे की. मला काय करायचंय. मला काही नको.’

मी हे संमती म्हणून लिहून घेतलं. आमच्या शेजाऱ्यांकडे स्वयंपाकाला येणाऱ्या, भांडुपच्या टेकडीवर राहणाऱ्या एका ताईंना मशीन हवं होतं. त्या टेम्पो घेऊन आल्या. आईने त्यांना बॉबिन भरायची युक्ती दाखवली, तेलाची कुपी दिली, ड्रॉवरमधला खडूसुद्धा दिला.

बाकीचं बोहारणीकडे आणि भंगारवाल्याकडे गेलं. जे कुणालाच नको होतं ते कचऱ्यात. नाहूरमध्ये ‘फेकून दिलं’ असं म्हणायची सोय नाही, कारण फेकलेलं फार लांब जात नाही. मुलुंडचं डंपिंग ग्राउंड २०१८ मध्ये बंद झालं आणि आता शहराचा बहुतेक कचरा कांजूरला जातो. वारा तिकडून असला की रात्री खिडकी लावून घ्यावी लागते.

*

नव्या खोलीत तीन आठवडे गेले. एका दुपारी मी खिडकीपाशी टेबलावर लॅपटॉप लावून काम करत होते. आई ओट्याला टेकून, उभ्यानेच चहा पीत होती. मी म्हटलं, ‘अगं, बस ना.’

ती म्हणाली, ‘कुठे?’

टोमणा नव्हता तो. तिने खरंच विचारलं होतं. दिवाणावर बाबा आडवे झाले होते. खुर्चीवर मी. जमिनीवर धाकट्याची पुस्तकं पसरलेली. मी जुनं घर डोळ्यांपुढे आणलं. बाबांची खुर्ची, माझा कोपरा, धाकट्याचा पलंग आणि आजीची गादी. आणि आई? ती खिडकीजवळ, मशीनच्या स्टुलावर बसायची. शिवण असो-नसो. भाजी तिथेच निवडायची, फोन तिथूनच करायची, संध्याकाळी पेपर तिथेच वाचायची. गेलं वर्षभर तिने मशीनला हात लावला नव्हता, पण रोज ती त्याच्यापाशी बसत होती. मी वस्तू मोजली, तिच्याभोवतीची जागा मोजली नाही. घरातून साडेचार चौरस फुटांचं मशीन गेलं आणि तिला बसायला जिथे हक्काचं होतं ते ठिकाणही गेलं.

आता खिडकीजवळ माझं टेबल होतं. ते का ठेवलं? तर त्यावरून पगार येतो म्हणून. मशीनवरूनही येत होता.

सेन यांचं उदाहरण मला इथे पुन्हा आठवलं आणि अपुरं वाटलं. उपास आणि उपासमार यांच्या मधोमध एक तिसरी अवस्था असते आणि ती आपल्या घरोघरी आहे. सगळ्यांना वाढून झाल्यावर भांड्यात काय उरलंय ते बघून ‘मला भूकच नाही’ म्हणणाऱ्या बाईची. तो उपास म्हणावा तर तिने ठरवलेला नाही, आणि उपासमार म्हणावी तर तिला कुणी नाही म्हटलेलं नाही. दीर्घकाळ कमी मिळालेली माणसं आपल्या इच्छाच मिळेल तेवढ्या मापाच्या करून घेतात, म्हणून त्यांच्या समाधानावरून न्याय झाला की नाही ते ठरवू नये, असंही सेन सांगतात. आपण मात्र त्या समाधानाचं कौतुक करतो. कोंड्याचा मांडा करणारी म्हणतो तिला.

हे वाचून तुम्ही म्हणाल, मशीन वाया तर गेलं नाही? नाही गेलं. त्या ताईंनी महिनाभरात फोटो पाठवला, मुलीचा शाळेचा युनिफॉर्म स्वतः शिवलेला. आई तो फोटो बोटांनी मोठा करून शिवण बघत होती. ‘हात बसलाय तिचा,’ म्हणाली आणि खरोखर खूश झाली. जगातल्या सुखाचा एकूण हिशोब मांडला तर आमच्याकडे धूळ खाणारं मशीन तिकडे जाणं बरोबरच होतं. मी ते परत मागणार नाही आणि आईलाही ते नकोय. तरी माझं चुकलं. दान चांगलं होतं, पण ते दान आईचं असायला हवं होतं. मी केलेल्या नियमाने, मीच मोजलेल्या खोलीसाठी, तिच्या एका सवयीच्या वाक्याच्या आधारावर ते झालं. ‘हे हवंय का?’ या प्रश्नाला आईकडून एकच उत्तर येतं, हे मला माहीत होतं. खरं तर मला तेच उत्तर हवं होतं. ‘हे गेल्यावर तू कुठे बसशील?’ असं विचारलं असतं तर कदाचित मशीन तरीही गेलं असतं, पण खोलीची मांडणी वेगळी झाली असती.

म्हणून घर लहान करायला निघालेल्या माझ्या वयाच्या लोकांना माझं एवढंच सांगणं आहे. ‘काय कमी करायचं’ हा प्रश्न सोपा आहे, त्याचे व्हिडिओ आहेत. ‘कुणाचं कमी होतंय’ याचा व्हिडिओ नाही. स्वतःचं कमी करा, ते व्रत. दुसऱ्याचं कमी करून त्याला व्रत म्हणू नका.

आमच्याकडे फार काही बदललेलं नाही. २४० फूट २४०च आहेत. माझं टेबल आता भिंतीला लागलंय, व्हिडिओ कॉलवर मागे फ्रिज दिसतो. खिडकीजवळ एक घडीची खुर्ची आहे. पहिले काही दिवस कुणी ना कुणी त्यावर कपडे टाकायचं, आता टाकत नाही.

आणखी एक गोष्ट केली. रीडेव्हलपमेंटच्या सगळ्या सभांमध्ये आमच्या घराचं एकच मत होतं आणि शेअर सर्टिफिकेटवर एकट्या बाबांचं नाव. नवीन घराचा नकाशा, ओटा कुठे, खिडकी कुठे, यावर आईने कधी सही केली नाही, कारण ती कुणी मागितलीच नाही. गेल्या महिन्यात बाबांनी आईचं नाव जोडायचा अर्ज भरला. ते काही बोलले नाहीत, फक्त पेन तिच्या हातात दिलं.

आई म्हणाली, ‘कशाला ते? मला काही नको.’

या वेळी आम्ही ते लिहून घेतलं नाही.