अटकेपारचा हिशेब

तारीख ११ नोव्हेंबर १४४४. काळ्या समुद्राकाठच्या वार्ना येथे उस्मानी सुलतान दुसऱ्या मुरादने ख्रिस्ती राजांची मोहीम आदल्याच दिवशी मोडून काढली आहे. पोलंडचा वीस वर्षांचा राजा रणात पडला असून त्याची गादी रिकामी आहे. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा गेम उघडला की जग या क्षणी थबकलेले दिसते. नकाशावर शेकडो राज्ये आहेत आणि दख्खनेत बहमनी व विजयनगर समोरासमोर उभी आहेत. यांपैकी कोणतेही राज्य निवडावे आणि १८२१ पर्यंत चालवावे, एवढेच खेळाडूला सांगितलेले असते. जिंकणे म्हणजे काय, हे त्याने स्वतः ठरवायचे.

स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने २०१३ मध्ये काढलेल्या या गेमचे मूळ फिलिप तिबो या फ्रेंच रचनाकाराच्या पटावरच्या खेळात आहे. हा गेम शिकायला दिवस नव्हे, महिने लागतात. ही अवघड शिकवणीच या खेळाचे खरे मोल आहे. तारखा आणि लढाया पुस्तकातही मिळतात. राज्य चालवताना माणसाचे हात कशाकशाने बांधलेले असतात, हे मात्र हरल्याशिवाय अंगी मुरत नाही.

नवखा खेळाडू बहुधा उस्मानी साम्राज्य निवडतो, कारण ते बलाढ्य आहे. इतिहासात १४५३ मध्ये पडलेले कॉन्स्टँटिनोपल तो त्याआधीच घेतो. मग बाल्कनमधले एक राज्य, मग दुसरे. बुद्धिबळाच्या पटावर मारलेले प्यादे पुन्हा उठत नाही. इथे मात्र जिंकलेला मुलूख उठतो. नव्या प्रांताची घडी बसवायला प्रशासनाची ताकद खर्चावी लागते, आणि ती ताकद महिन्याकाठी मोजकीच मिळते. राजा कर्तबगार असला तर थोडी अधिक, नसला तर कमी. घडी बसण्याआधी पुढचा मुलूख घेतला की बंडे उसळतात. तिकडे धास्तावलेले शेजारी आपापली भांडणे बाजूला ठेवून एकत्र येतात. भाडोत्री फौजेसाठी कर्ज काढावे लागते, व्याजासाठी पुन्हा कर्ज, आणि शेवटी दिवाळे. बहुतेकांचे पहिले साम्राज्य रणांगणावर बुडत नाही, खतावणीत बुडते.

मग स्पेन घ्यावा, अमेरिकेतल्या खाणी हाती येतील, असे वाटते. पण खाणींच्या उत्पन्नावर राज्य फार विसंबले की महागाई चढते आणि प्रत्येक तोफ, प्रत्येक गलबत महाग पडते. अमेरिकेतल्या पोतोसीच्या खाणींची चांदी येत असतानाही स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने १५५७ ते १५९६ या काळात चार वेळा सावकारांची देणी का थांबवली, हा प्रश्न मग परीक्षेपुरता उरत नाही. खेळाडूच्या स्वतःच्या खजिन्यात तेच घडलेले असते.

मराठी वाचकासाठी या धड्याला घरचा संदर्भ आहे. १७५८ मध्ये रघुनाथरावांच्या मोहिमेत मराठे लाहोरात शिरले, अटकेपर्यंत गेले. ‘अटकेपार झेंडे’ हा शब्दप्रयोग आपण अभिमानाने बोलतो, आणि तो अभिमान खोटा नाही. पण पंजाबचा महसूल बसवायला उसंत मिळाली नाही आणि मोहीम कर्ज घेऊन परतली. पुढल्याच वर्षी अब्दालीने तो प्रांत परत घेतला. १७६० मध्ये दिल्लीत सदाशिवरावभाऊंना फौजेच्या खर्चासाठी दिवाण-ए-खासचे रुपेरी छत उतरवून नाणी पाडावी लागली. पानिपतावर बोलताना आपण गोलाची लढाई, विश्वासरावांना लागलेली गोळी, होळकरांचे निघून जाणे यांवर तासन्‌तास वाद घालतो. ज्याने या खेळात घडी न बसलेल्या प्रांतांपायी राज्य गमावले आहे, तो आधी त्या छताचा विचार करतो.

एवढ्यावर थांबले तर खेळाची स्तुती होईल, शिकणे मात्र अर्धेच राहील. कारण गेमचे नियम म्हणजे इतिहास नव्हे. ते इतिहासाविषयी कुणीतरी मांडलेले म्हणणे आहे, आणि ते तपासून पाहायलाच हवे.

व्यापाराचेच पाहा. नकाशावर व्यापाराचे मार्ग बाणांनी दाखवले आहेत. त्यांची दिशा ठरलेली आहे आणि ते अखेरीस इंग्लिश खाडी, जिनोआ व व्हेनिस या तीन ठिकाणी संपतात. आशियातला खेळाडू कितीही समर्थ झाला तरी बाण उलटा फिरवू शकत नाही. प्रत्यक्षात या शतकांत अमेरिकेची चांदी युरोपमार्गे हिंदुस्थान आणि चीनकडे वाहत होती, कारण इथले कापड, मिरी आणि रेशीम घ्यायला युरोपकडे मोबदला म्हणून देण्याजोगे दुसरे फारसे काही नव्हते. अर्थेतिहासकार अँगस मॅडिसन यांच्या अंदाजाने १७०० साली जगाच्या उत्पादनात हिंदुस्थानचा वाटा सुमारे २४ टक्के होता. गेममधले बाण हे दिसू देत नाहीत.

याहून बोचणारी गोष्ट अमेरिकेच्या नकाशावर आहे. तिथले कित्येक प्रांत ‘रिकामे’ दाखवले आहेत. वसाहत करणाऱ्यासाठी तिथली माणसे म्हणजे एक आकडा, सोबत ती किती आक्रमक आहेत याचा दुसरा आकडा. त्यांच्यावर हल्ला करण्यासाठी एक बटण आहे. ते दाबताना हात थांबत नसेल, तर त्या खेळाडूने वसाहतवाल्यांची नजर नकळत आपलीशी केली आहे.

गेमच्या कर्त्यांनीही आपले म्हणणे बदलले आहे. सुरुवातीच्या नियमांत बिगरयुरोपीय राज्यांना तंत्रज्ञान महाग पडे आणि त्यावर उपाय एकच, पाश्चात्त्यीकरण. २०१६ मध्ये तो नियम काढून संस्थांच्या प्रसाराची कल्पना आणली गेली. मुद्रणकला, जागतिक व्यापार, प्रबोधन अशा संस्था प्रांताप्रांतांतून पसरू लागल्या. मात्र प्रबोधनाचा, म्हणजे रेनेसान्सचा, उगम इटलीतच राहिला. २०२५ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत प्रांतांत लोकसंख्येचे गट आले. शेतकरी आणि कारागीर, जे आधी ‘विकास’ नावाच्या आकड्यात विरघळले होते, ते निदान मोजले जाऊ लागले.

म्हणून हा खेळ शिकणाऱ्याने नियम वापरण्यापाशी न थांबता ते उघडून वाचायला हवेत. ते शक्यही आहे. चौथ्या आवृत्तीचे बरेचसे नियम साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले आहेत. व्यापाराचा कोणता बाण कुठे जातो, तेही तिथेच नोंदलेले आहे आणि कुणालाही ते बदलता येते. पण सुरतेकडे येणारा बाण काढायचा, तर त्या बंदरात कोणत्या दशकात किती चांदी उतरत होती, ती कुणाच्या हाती जात होती आणि तिच्यातून विणकराच्या पदरात काय पडत होते, हे आधी शोधावे लागते. त्या फाइलीत या प्रश्नांची उत्तरे नाहीत.