जग बुडताना आपल्याला मजा का येते?

१३ नोव्हेंबर २००९ या एकाच शुक्रवारी आपल्याकडे दोन आपत्तीपट लागले. एक रोलँड एमरिकचा '२०१२', ज्यात अख्खी पृथ्वीच उलटीपालटी होते. दुसरा कुणाल देशमुखचा 'तुम मिले', ज्यात इम्रान हाश्मी आणि सोहा अली खान २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरात सापडतात. पहिला आजही टीव्हीवर लागला की आमच्याकडे रिमोट खाली ठेवला जातो. दुसऱ्यातली गाणी आठवतात, पूर फारसा आठवत नाही. खरं तर उलटं व्हायला हवं होतं. त्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला होता आणि ठाणे जिल्ह्यात ज्याला-त्याला त्या रात्रीची एक तरी गोष्ट सांगायची असते. लॉस एंजेलिसशी आपला काय संबंध?

संबंध नाही म्हणूनच मजा येते, हे सरळ उत्तर. ते जुनंही आहे. ल्युक्रेशियस नावाच्या रोमन कवीने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की किनाऱ्यावर उभं राहून वादळात सापडलेलं जहाज बघण्यात एक सुख असतं. दुसऱ्याच्या हालांचं नव्हे, आपण त्यात नाही याचं. आपल्याकडे रसचर्चेतही हाच पेच आहे: करुण आणि भयानक हे रस असतील, तर दुःखातून आनंद मिळतो कसा? त्यावर दिलं जाणारं एक उत्तर असं, की रंगमंचावरचं दुःख कुणा एकाचं राहत नाही, म्हणून ते चाखता येतं.

मला हे उत्तर पटतं, पण अर्धंच. कारण आपत्तीपटात मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे रात्री दोन वाजता सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी 'पोस्टमॉर्टेम' नावाची मीटिंग होते. कुणाची चूक हे विचारायचं नाही, काय कशामुळे झालं ते ओळीने मांडायचं. बहुतेक वेळा ती ओळ लागतच नाही. 'द टॉवरिंग इन्फर्नो' (१९७४) मध्ये मात्र ती लख्ख लागते. १३८ मजल्यांची इमारत, वायरिंगमध्ये वाचवलेले पैसे, उद्घाटनाची पार्टी, एक ठिणगी. 'द बर्निंग ट्रेन' (१९८०) मध्ये तर ब्रेक कुणी काढले आणि का काढले, हे आपल्याला प्रवाशांच्या आधी माहीत असतं. आपत्तीपट म्हणजे कारण सापडलेली आपत्ती. शिवाय त्या दिवशी ईएमआय, अप्रेझल, बॉसचा मेसेज, सगळं एका झटक्यात बिनमहत्त्वाचं होतं. कोण आपलं आहे, एवढाच प्रश्न उरतो. सोमवारी सकाळी लोकलमध्ये लटकणाऱ्या माणसाला हे स्वप्न का पडू नये?

मुरबाडहून आहुपे घाट चढून वर गेलं की आंबेगाव तालुका लागतो. माळीण त्याच तालुक्यातलं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. बाहेरच्या जगाला कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे. तो नेहमीसारखा बस घेऊन आला आणि त्याला गावच दिसेना. चित्रपटात अशा वेळी आधीच्या तासाभरात एक शास्त्रज्ञ ओरडून सांगत असतो, त्याचं कुणी ऐकत नसतं, आणि गाव दिसेनासं होण्याच्या क्षणी कॅमेरा तिथे हजर असतो. इथे कॅमेरा नव्हता. होती ती फक्त वेळेवर आलेली एसटी. माळीणवर कुणी '२०१२' सारखा चित्रपट काढला, तर तो मला बघवणार नाही.

पण म्हणून 'जवळचं दुःख पाहू नये' असा नियम करता येत नाही. केरळात २०१८ च्या पुरावर ज्यूड अँथनी जोसेफने '२०१८' काढला, तोही पाचच वर्षांत. बघणाऱ्यांत पुराच्या पाण्यात उभी राहिलेली माणसंच होती, आणि त्यांनी तो इतका उचलून धरला की मल्याळममधला तोवरचा सगळ्यात जास्त कमाईचा चित्रपट ठरला. त्यात बोटी घेऊन येणारे मच्छीमार आहेत, आणि ते खरोखर आलेही होते. आमच्या बाजूला २७ जुलै २०१९ ला असंच काहीसं झालं. उल्हास नदीचं पाणी पसरलं आणि कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली. चहूकडे पाणी, मधोमध गाडी, आत हजारावर प्रवासी. त्याचे व्हिडिओ प्रत्येक ग्रुपवर फिरले. एनडीआरएफ, नौदल, आजूबाजूच्या गावांतली माणसं, सगळे धावले आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर. त्यावर चित्रपट निघाला तर पहिल्या दिवशी पहिल्या शोला आम्ही सगळे जाऊ, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तेव्हा प्रश्न अंतराचा नाही, हिशेबाचा आहे. '२०१२' मध्ये लॉस एंजेलिस कोसळतं तेव्हा लाखो माणसं मरतात आणि आपण एका लिमोझिनची काळजी करत असतो. आमची आजी हा चित्रपट हिंदीत बघत होती. तिने मध्येच विचारलं, "ह्यांची गुरं कुठं गेली रे?" आम्ही हसलो, पण प्रश्न चोख होता. आमच्याकडे नदीला पाणी चढलं की माणसं घर सोडायला तयार नसतात ती गोठ्यामुळे. आधी दावं सोडायचं, मग आपण निघायचं. त्या चित्रपटात जिराफ-हत्ती हेलिकॉप्टरखाली लोंबत जहाजाकडे जातात, पण कुणाची म्हैस दिसत नाही.

त्याच चित्रपटातला सतनाम आठवतो का? पृथ्वीच्या पोटात काय चाललंय हे भारतातल्या खाणीत बसून शोधणारा शास्त्रज्ञ तोच. जहाजावरची जागा एक अब्ज युरोला. त्याला न्यायला विमान येणार असतं, ते येत नाही. तो बायकोमुलासकट लाटेपुढे उभा राहतो. मिनिटभराचा सीन, मग पुन्हा लिमोझिनवाल्यांची गोष्ट. मजा कुठे संपते आणि बेइमानी कुठे सुरू होते, ते मला या मिनिटात दिसतं.

'काला पत्थर' (१९७९) याच्या बरोबर उलट. १९७५ च्या चासनाला खाणीतल्या दुर्घटनेवर तो बेतलेला. त्यात मरणाऱ्या कामगाराला नाव आहे, उधारी आहे, रागही आहे. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरळांब्याजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम चालू असताना गर्डर लाँचर कोसळला आणि वीस माणसं गेली. आपल्याला त्यातली किती नावं माहीत आहेत? आज तो रस्ता झालाय, त्यावरून गाडी पळवताना रील काढता येतं.

आणखी एक जात आहे आपत्तीची, जिच्यावर आपत्तीपट निघूच शकत नाही, कारण तिला वेग नाही. शहापुरात तानसा आहे, भातसा आहे, त्यांचं पाणी मुंबईला जातं, आणि एप्रिल-मे महिन्यात शहापूरच्याच पाड्यांवर टँकर लागतो. बारवी धरणाची उंची वाढली तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या वाड्या पाण्याखाली गेल्या. तिथे लाट आली नाही. पाणी आलं ते नोटीस देऊन, सर्व्हे करून, फुटाफुटाने. एमरिकला दिलं तर तो पहिल्या दहा मिनिटांत ढकलून मोकळा होईल. मराठीत कुणीतरी ते अडीच तासांचं करून दाखवावं. नायक पाहिजेच असेल, तर टँकर घेऊन घाट चढणारा ड्रायव्हर घ्या.