वेचणीच्या दिवसांतला तास

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, झाली की यवतमाळातल्या झरी जामणीकडची कॉलेजातली पोरं वर्गात दिसेनाशी होतात. कमरेला ओटी बांधून ती कापूस वेचत असतात. मजुरी किलोवर मिळते, हजेरीवर नाही. परत येईतो दोन प्रकरणं उरकलेली.

अशा ठिकाणी तास आपोआप रेकॉर्ड व्हावा, हे ऐकायला बरं वाटतं. वेळापत्रक पाहून कॅमेरा सुरू होतो, सरांचा आवाज आणि पडदा टिपतो, संध्याकाळी तास मोबाइलवर. तशी पडद्यावरची शिकवणी आपल्याला नवी नाही. यूजीसीचे कार्यक्रम दूरदर्शनवर १९८४ पासून लागत, २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे ऑनलाइन शिकवणीचं संकेतस्थळ आलं. पण तिथे शिकवणारा परका. आपल्याच सरांचा, आपल्याच पेपरासाठी घेतलेला तास ही निराळी चीज.

गैरहजर पोरांची सोय एवढाच याचा उपयोग, असं मी धरून चाललो होतो. आता वाटतं, खरी गरज समोर बसलेल्यांनाच जास्त आहे. कोलामांच्या पोडावरून (वस्तीवरून) आलेल्या मुलीच्या घरी कोलामी, म्हणजे द्राविडी कुळातली भाषा. शाळा मराठीत, आणि विज्ञान शाखेचं पुस्तक इंग्रजीत. ‘समजलं ना?’ म्हटलं की सगळ्यांबरोबर तीही मान हलवते. दुसऱ्यांदा हात वर करायला जिगर लागते. मोबाइलवर तास मागे न्यायला कुणाची परवानगी नको.

अर्थात माइक सरांच्या कॉलरला. मागच्या बाकावरचा प्रश्न त्यात येतच नाही, नुसतं उत्तर तेवढं ऐकू येतं. आणि खडू ठेवून, दाराशी उभं राहून सर भिजवलेल्या हरभऱ्याचा दाखला देतात, तेव्हा ते चौकटीबाहेर!

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांची धास्ती मला अजिबात खुळी वाटत नाही. मानधन तासावर. ‘यंदाचा तास पुढच्या वर्षी दाखवला, तर मला कशाला बोलावतील?’ हा त्यांचा प्रश्न. म्हणून रेकॉर्डिंग त्या वर्गापुरतं असावं, आणि पुढे वापरायचं तर शिकवणाऱ्याची लेखी संमती नि मोबदला, दोन्ही हवं.

मध्यंतरी एसटीच्या थांब्यावर दोन मुली दिसल्या. एक मोबाइल, इअरफोनचं एकेक टोक दोघींच्या कानात. एकीने तास थांबवला आणि दुसरीला कोलामीत काहीतरी समजावू लागली. बरंच बोलली. वर्गात एवढं बोलली असती तर उभं केलं असतं तिला. मग तिने तास थोडा मागे नेला, आणि तेच वाक्य दोघींनी पुन्हा ऐकलं.