कुशीचा हक्क

दिवाळी आली की घरोघर मुलांची वाट पाहिली जाते. परंतु जिथे आईबापांची ताटातूट झाली आहे, तिथे कोणताही सण आला, मग ती दिवाळी असो की ईद, एक प्रश्न दाराशी येऊन उभा राहतो : मूल कोणाकडे? वरवर साध्या दिसणाऱ्या या प्रश्नाच्या पोटात दुसरा, अधिक अवघड प्रश्न आहे. मूल जवळ ठेवणे हा आईबापांचा हक्क, की कोणी जवळ असणे हा मुलाचा?

इस्लामी धर्मशास्त्रात या प्रश्नाचा खल फार पूर्वीपासून झालेला आहे. मुलाच्या संगोपनाला तिथे ‘हिजानत’ म्हणतात. ज्या अरबी शब्दावरून हे नाव आले, त्याचा अर्थ कूस असा आहे. पालकत्व बापाचे, पण कूस आईची, अशी शास्त्रकारांनी वाटणी केली. भारतातील बहुसंख्य मुसलमान हनफी मताचे आहेत. त्या मताप्रमाणे मुलगा ७ वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईजवळ राहते. खर्च मात्र बापानेच सोसायचा. मुलाच्या निमित्ताने आईला छळू नये आणि बापालाही छळू नये, असे कुराणाच्या दुसऱ्याच अध्यायात बजावले आहे. आपल्या कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफई मताचे. त्या मताचे ग्रंथ तर समज आलेल्या मुलालाच कोणाकडे राहायचे ते विचारावे, असे सांगतात.

७ हा आकडा काही उगीच आलेला नाही. मुलगा आपल्या हाताने जेवू लागला, कपडे घालू लागला, स्वतःची स्वच्छता राखू लागला, म्हणजे आईवाचून त्याचे अडत नाही, असा जुन्या पंडितांचा अंदाज होता. पण सदऱ्याची बटणे लावता आली म्हणून आईची गरज संपते काय? तापात कण्हणारे दहा वर्षांचे पोर कोणाला हाक मारते, ते प्रत्येक घराला ठाऊक आहे.

आईने मुलाच्या नात्याबाहेरच्या माणसाशी पुन्हा लग्न केले, तर तिचा हा हक्क जातो, असाही नियम आहे. दमास्कसचे हनफी पंडित इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) यांनी या नियमाकडे डोळसपणे पाहिले. रक्ताचा नातेवाईक मुलाच्या वाइटावर असू शकतो आणि सावत्र बाप मायाळू निघू शकतो. म्हणून निर्णय देणाऱ्याने मुलाचे हित पाहावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. परंपरेतच वाढलेल्या माणसाने परंपरेला विचारलेला हा प्रश्न आहे.

पुढे कायदेही त्याच वाटेने गेले. इजिप्तने १९२९ साली मुलाच्या हितासाठी ही मुदत वाढविण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला. मोरोक्कोने २००४ साली मुलगा-मुलगी दोघांचीही हिजानत सज्ञान होईपर्यंत लांबविली. आपल्याकडे १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात मुलाचा व्यक्तिगत कायदा आणि त्याचे कल्याण या दोहोंचा विचार न्यायालयाला करावा लागतो. घटस्फोटित आईच्या पोटगीचा वाद काहीही असो, मुलाचा पोटगीचा हक्क त्याचा स्वतःचा आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दिला.

तरीही आकड्याची थट्टा करू नये. ठरलेल्या वयाने कित्येक निराधार आयांना आधार दिला; कारण हिताची व्याख्या ज्याच्या हाती वकील आणि पैसा असेल, तो आपल्या सोयीने करू शकतो. मुलाला विचारावे, हेही खरे. पण आई हवी की बाप, हे विचारणे म्हणजे त्याच्या कोवळ्या खांद्यावर आपले ओझे देणे नव्हे काय?

म्हणून नियम हा उंबरठ्यासारखा असावा. घराची हद्द त्याने दाखवावी, पण आत येणाऱ्या पोराला ठेच लागू देऊ नये. मूल कोणाचे, या प्रश्नाला कोणताही धर्म आणि कोणतेही न्यायालय उत्तर देऊ शकेल. आपण मुलाचे आहोत की नाही, याचे उत्तर मात्र ज्याचे त्यानेच द्यायचे आहे. आणि त्यातून तुमचीआमची घरेही सुटलेली नाहीत.