निवडीचा हक्क आणि निवडीची हद्द

पाथरीच्या आमच्या मोहल्ल्यात निकाह ठरतो तेव्हा घराणे पाहिले जाते, मेहर ठरते, जेवणाचा बेत ठरतो. रक्त कोणी तपासत नाही. चुलत, मामे, मावस नात्यांत सोयरीक करण्याची आमची रीत जुनी. नवरा-बायको दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. अशा मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. रक्ताच्या पिशवीसाठी धावणाऱ्या आईला ‘अल्लाहची मर्जी’ एवढे सांगून आपण मोकळे होतो.

विज्ञान सांगते, शरीराबाहेर गर्भ तयार करा, तपासा, निरोगी तोच गर्भाशयात ठेवा. भरवसा किती? पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भाच्या मोजक्या पेशी काढतात, त्याही पुढे वार बनणाऱ्या थरातून. आईबापाचा दोष आधी नेमका ठाऊक असेल, तर निदान बरेच खात्रीचे. तरी गर्भ राहिल्यावर पुन्हा तपासणीचा सल्ला देतात. गुणसूत्रे मोजताना चूक अधिक. 2015 साली इटलीतल्या डॉक्टरांनी ‘संमिश्र’ ठरलेले गर्भ ठेवले आणि त्यांतून 6 निरोगी बाळे जन्मली. बुद्धीचे भाकीत तर फारच कच्चे.

महाराष्ट्राने 1988 मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. 1994 ला केंद्राचा आला. 2003 पासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही गुन्हा ठरली. तरी 2011 च्या जनगणनेत शेजारच्या बीडमध्ये सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली 807. जिवंत पुरलेल्या मुलीचा जाब कयामतच्या दिवशी घेतला जाईल, असे मानणारे आपण. मग गर्भातच नाकारलेल्या मुलीबद्दल गप्प का?

आजार टाळण्यासाठी तपासणी करणे आम्हाला गैर वाटत नाही. पसंतीचे मूल वेचून घेणे गैर वाटते. आणि आजार टाळताना, जन्मलेला आजारी माणूस नकोसा होता कामा नये. साईबाबांचा जन्म पाथरीचा की नाही, यावरून 2020 मध्ये वाद पेटला. त्या फकिराने स्वतः जन्म-जात सांगितली नाही. लोकांनी त्याला वागण्यावरून ओळखले. गर्भाची चाचणी रोग सांगेल, माणूस कसा होईल ते सांगणार नाही.

शिवाय लाखांचा हा खर्च इथल्या मजुराला झेपणारा नाही. त्याला हवी साधी रक्ततपासणी, तीही निकाहाआधी. मेहरची रक्कम विचारणाऱ्या काझीसाहेबांनी तेवढे विचारले, तरी पुष्कळ घरांतले रडणे थांबेल.