पाण्यावरून ठेवलेली नावं

माळशिरसहून समुद्र गाठायचा तर आधी सातारा जिल्हा आणि मग सह्याद्री ओलांडावा लागतो. तरीही भूशिरांना कप्तानांची नावं कशी पडली, हा प्रश्न मला इथेच पडला, नीरा उजव्या कालव्याच्या काठावर. या कालव्याच्या मुळाशी भाटघर आहे. 1928 साली त्या धरणाचं उद्घाटन झालं तेव्हा त्याला गव्हर्नर लॉइड यांचं नाव होतं. जलाशयाला त्याही आधीपासून व्हाइटिंग या इंजिनिअरचं. तालुक्यातला ऊस त्या पाण्यावर वाढला, पण ते पाणी लॉइडचं झालं नाही. ते भाटघरचंच राहिलं.

समुद्रावर गोष्ट वेगळी. जहाजातून किनारा म्हणजे एक पुसट रेघ. तिच्यात आधी नजरेत भरतं ते पाण्यात शिरलेलं टोक. त्यावरून आपली जागा ठरवायची, मागून येणाऱ्याला सांगायचं की इथून लांब राहा, पुढे खडक आहेत. सांगायला नाव लागतं. उतरून विचारायला वेळ नसतो, भाषा येत नसते, पुष्कळदा विचारावंसंही वाटत नाही. मग जहाजावरचंच एखादं नाव जमिनीला मिळतं. 1770 च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा लेफ्टनंट हिक्सला आधी दिसला, म्हणून कॅप्टन कुकने त्या टोकाला पॉइंट हिक्स म्हटलं. पुढच्याच महिन्यात केप बायरन झालं, जगप्रदक्षिणा केलेल्या जॉन बायरनच्या नावाने. बायरनने ते टोक कधी पाहिलंही नव्हतं. त्या किनाऱ्यावर हजारो वर्षं माणसं राहत होती, आणि त्या जागांना त्यांनी ठेवलेली नावं होती.

कोकणात असं का घडलं नाही? ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचा, म्हणजे मुंबई मरीनचा जॉन मॅक्लूअर 1787 पासून आपल्या पश्चिम किनाऱ्याची मोजणी करत होता. त्याचं नाव एका मोठ्या आखाताला मिळालं, पण न्यू गिनीत. त्याच मरीनच्या आर्चिबाल्ड ब्लेअरचं नाव अंदमानच्या बंदराला मिळालं आणि 2024 पर्यंत टिकलं. इकडे जयगड, विजयदुर्ग, देवगड आपापल्या नावांनी उभे राहिले. मला कारण असं दिसतं: इथे खाडीत तांडेल होता, बंदरात जकात घेणारा होता, किल्ल्यावर तोफ होती. ज्याला टाळून पुढे जाता येत नाही, त्याची नावं शिकावीच लागतात. गोव्यातल्या काबो द राममध्येही काबो तेवढा पोर्तुगीज, राम आपलाच.

आणि उलटंही घडलं. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला समुद्राच्या पोटात प्रवाळांचं पठार आहे. इंग्रजी नकाशांनी त्याला नाव दिलं ‘आंग्रिया बँक’. ज्यांचं हे नाव ते सरखेल कान्होजी आंग्रे 1729 साली वारले. सरखेलांनी तिथे आपली पाटी लावली नव्हती. ज्यांची जहाजं त्यांच्या दस्तकाशिवाय अडवली जात, त्यांच्याच नकाशात ते नाव जाऊन बसलं. कप्तानाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सगळ्या जागांत मला या एका जागेचं नाव रास्त वाटतं.

आमच्याकडे टोकं नाहीत, शेतं आहेत. 1947 च्या कायद्याने एकत्रीकरण आलं आणि सातबारावर गट नंबर आले. घरात मात्र शेताचा उल्लेख नंबराने होत नाही. चिंचेचं, विहिरीवरचं, ओढ्याकडचं, असंच बोललं जातं. गट नंबर हेही लांबून पाहणाऱ्याने ठेवलेलं नाव. कर्जाला, मोजणीला, खरेदीखताला ते लागतंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वाटण्या झाल्या, चिंच तोडली गेली, मुलं पुण्याला गेली, आणि ‘चिंचेचं’ म्हटल्यावर कुठलं ते कळणारी माणसं आता थकली आहेत. ती गेल्यावर आपल्याच जमिनीकडे आपण जहाजातून पाहू.

दिवाळीत गावी गेलात तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकदा बांधावर घेऊन जा. प्रत्येक तुकड्याचं नाव विचारा आणि वहीत लिहून ठेवा, गट नंबराच्या शेजारी.