नक्कल, नमुना आणि निर्णय

श्रेष्ठ चित्राची नक्कल करीत तैलरंग आत्मसात करणे ही युरोपीय चित्रशाळांमधील जुनी आणि प्रतिष्ठित रीत होय. दुसऱ्याच्या दृष्टीने पाहण्याची सवय जडली की स्वतःची दृष्टी घडत नाही, हा तिच्यावरील परिचित आक्षेप. मला तो अपुरा वाटतो. नक्कल करणारा आपली दृष्टी गमावतो की नाही, याआधी तो आपला निर्णय कोणावर सोपवतो, हे विचारले पाहिजे.

आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधील रेम्ब्रांचे कापड-परीक्षकांचे समूहचित्र (१६६२) पाहावे. काळ्या टोप्या घातलेले पाच पदाधिकारी, आणि मागे त्यांचा सेवक. रंगवलेले कापड नमुन्याशी ताडून त्याची प्रत ठरवणे हे या पाचांचे काम. (नक्कल करणाऱ्याने नेमके हेच चित्र निवडावे यात गंमत आहे, तिच्यावर सिद्धान्त मात्र उभारू नये.) क्ष-किरण तपासणीत असे दिसून आले की, सेवकाची जागा रेम्ब्रांने एकाहून अधिक वेळा बदलली होती. ही चलबिचल रंगाखाली गाडली गेली आहे. शिकणाऱ्याला मिळते ती फक्त अखेरची जागा, आणि तीही आयती. ‘सेवक येथेच का?’ या प्रश्नाला त्याचे उत्तर एकच: मूळ चित्रात तो येथे आहे म्हणून. हे आज्ञापालन झाले. कारागिरीत तो गुण ठरेल. पण विवेकाच्या क्षेत्रात त्याला गुण म्हणावे काय?

तैलरंग मात्र पूर्ण आज्ञापालन करू देत नाही. थर सावकाश सुकतो, हात घसरतो. मी केलेल्या लहान आकाराच्या नकलेत सेवकाचे डोके बोटभर वर गेले, आणि तो एकाएकी बैठकीचा प्रमुख दिसू लागला. पाचही प्रतिष्ठित गृहस्थ जणू त्याचे कारकून! रंग ओला होता. मी तो फडक्याने पुसला. पण पुसण्यापूर्वी बराच वेळ पाहत राहिलो. सेवकाच्या त्या जागेत केवळ रचना नाही, एका समाजातील मानाची उतरंड आहे, हे मला त्या चुकीने दाखवले. अचूक रेषेने दाखवले नसते.

यावर कोणी म्हणेल, ही चूकही शेवटी नमुन्याशी ताडूनच चूक ठरली. हे मला खोडता येत नाही. आत आलेल्या कोणाकडे तरी वळावी तशी त्या परीक्षकांपैकी बहुतेकांची नजर चित्राबाहेर वळलेली आहे. नक्कल करणारा महिनोन्‌महिने त्या आगंतुकाच्या जागी बसून असतो.